आईचा खुबा मोडला: टेबलावर रक्त १५० मिली गेलं, मग हिमोग्लोबिन ७.६ कसं?

शेवंती (धागालेखिका)

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवरच सापडते, आज वेगळ्याच कारणाने लिहितेय.

आई ८१ वर्षांची, वजन ४६ किलो. साताऱ्यात दादाकडे असते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे बाथरूमला उठली, पायपुसण्यात पाय अडकला आणि डाव्या कुशीवर पडली. वहिनीने उचलायला हात घातला तेव्हाच तिच्या लक्षात आलं, डावा पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या अंगाला पडलेलं. एक्स-रेमध्ये खुब्याचं फ्रॅक्चर, कागदावर 'इंटरट्रोकॅन्टरिक' असं लिहिलंय.

सात वर्षांपूर्वी आईला स्टेंट घातलाय, त्यामुळे अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल रोज चालू. "रक्त पातळ आहे, पाच दिवस थांबू," असं सांगून पायाला वजन लावून ठेवलं. पाच दिवसांनी ऑपरेशन झालं, रॉड टाकला (पीएफएन). सर्जन बाहेर येऊन हसत म्हणाले, "छान झालं. रक्त गेलंच नाही म्हणा ना." कागदावर नोंद: रक्तस्राव अंदाजे १५० मिली.

आता आकडे बघा. भरती झाली तेव्हा हिमोग्लोबिन ११.६. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ९.८. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ७.६. रात्री नऊ वाजता सिस्टरने दादाच्या हातात चिठ्ठी दिली, दोन पिशव्या आणा. गट बी निगेटिव्ह! दादाने तीन रक्तपेढ्या पालथ्या घातल्या, पहाटे चारला दुसरी पिशवी मिळाली. तोवर मी पुण्याहून फोनवर नुसती रडत होते.

आई आता बरी आहे, खुर्चीत बसते, कुरकुर करते. मला भांडायचं नाहीये कोणाशी. पण दोन गोष्टी डोक्यातून जात नाहीत. १५० मिली म्हणजे चहाचा एक मोठा कप. बाकीचं रक्त गेलं कुठे? आणि हे कमी करता आलं असतं का? मावशी ७८ची आहे, तिची हाडं आईपेक्षा ठिसूळ. तिच्यावर अशी वेळ आली तर आम्ही काय विचारायला हवं, एवढंच कळू दे.

---

बारा_गावचं_पाणी

आईंना लवकर आराम पडो. माझ्या सासऱ्यांच्या वेळी बाजूला नळी काढून बाटली लावली होती, त्यात रक्त जमा व्हायचं आणि रोज मोजायचे. तुमच्याकडे लावली नव्हती का? नसेल तर रक्त आतच राहिलं असणार.

---

जुना_प्लास्टर

निवृत्तीला टेकलेला अस्थिरोगतज्ज्ञ आहे. रुग्ण पाहिलेला नाही, तेव्हा पुढचं सगळं सर्वसाधारण माहिती म्हणून वाचा.

शेवंतीताई, तुमचे सर्जन खोटं बोलले नाहीत. १५० मिली हे त्यांना *दिसलेलं* रक्त आहे: सक्शनच्या बरणीत आलेलं आणि मॉपमध्ये (रक्त टिपायच्या कापडात) भिजलेलं. भिजलेले मॉप वजन करून मोजायचे असतात, कोरड्यापेक्षा १ ग्रॅम जास्त भरला म्हणजे ढोबळमानाने १ मिली रक्त. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी नजरेनेच आकडा ठोकून देतात. मीही आयुष्यभर दिलाय.

आता तुमच्याच आकड्यांवर हिशेब करू. या वयात किलोमागे साधारण ६५ मिली रक्त धरलं तर ४६ किलोच्या बाईच्या अंगात सगळं मिळून ३ लिटर. हिमोग्लोबिन ९.८ वरून ७.६ वर आलं, घट २.२. दोन्हींची सरासरी ८.७. मग २.२ भागिले ८.७ गुणिले ३ लिटर, म्हणजे जवळपास ७५० मिली. दिसलं १५०, न दिसलेलं ६००.

त्याआधीचंही बघा. ११.६ वरून ९.८, घट १.८, सरासरी १०.७. उत्तर येतं ५०० मिली. म्हणजे कोणी चाकू हातात घेण्याआधीच आईंचं अर्धा लिटर रक्त गेलेलं होतं! (हा आकडा जरा हात राखून घ्या: पडल्यावर म्हातारी माणसं पाणी प्यायलेली नसतात, त्यामुळे भरतीच्या वेळचा आकडा मुळात जास्त दिसतो. सलाइन चढल्यावर रक्त पातळ होऊन तो आणखी उतरतो. पण सगळी घट सलाइनवर ढकलता येत नाही.)

गेलं कुठे? मांडीत. खुब्याचं हाड दोन तऱ्हांनी मोडतं. सांध्याच्या पिशवीच्या आत, मानेपाशी मोडलं तर रक्त त्या पिशवीत कोंडतं आणि बेताने थांबतं. तिथे आम्ही बहुधा हाडाचा वरचा गोळा बदलतो. तुमच्या आईंचं पिशवीच्या बाहेर, खालच्या बाजूला मोडलंय. तिथलं हाड स्पंजासारखं, रक्ताने भरलेलं, आणि भोवती अडवायला काही नाही. लिटरभर रक्त मांडीच्या स्नायूंत मुरलं तरी वरून मांडी जराशी टपोरी दिसते, बस्स. त्यात रॉड टाकताना चिरा असतात तीन, बोटाबोटाएवढ्या. वरून 'छोटं ऑपरेशन', पण आत रीमरने हाडाची पोकळी कोरत जावं लागतं आणि तिथून पाझर सुरूच राहतो. सर्जन टाके घालून हातमोजे काढतो तेव्हा तो पाझर संपलेला नसतो.

डेन्मार्कच्या एका गटाचा २००६चा अभ्यास आमच्यात फार वाचला गेला. न दिसलेला रक्तस्राव नुसत्या स्क्रूवाल्या रुग्णांत सरासरी अर्ध्या लिटरच्या आसपास, आणि रॉडवाल्यांत जवळपास दीड लिटर. चीर लहान, रक्तस्राव मोठा. मी ते वाचलं तोवर वीस वर्षं रॉड टाकत होतो आणि नातेवाइकांना "रक्त गेलंच नाही" सांगत होतो.

@बारा_गावचं_पाणी, नळीने रक्त मोजता येतं, थांबत नाही. उलट आत थोडा दाब साठला की पाझर बसतो, नळी तो दाब सोडून देते. आता बऱ्याच जणांनी ती लावणं सोडलंय.

---

कृष्णाकाठ

डॉक्टर, हे वाचून डोकं गरगरलं. ४६ किलोच्या म्हातारीचं तीनपैकी सव्वा लिटर रक्त गेलं आणि "छान झालं"? नातेवाइकांना आधी सांगायला काय जातं? गट निगेटिव्ह आहे हे भरतीच्या दिवशीच कळलं असणार ना. पाच दिवस हातात होते.

---

लाल_पिशवी

+१ कृष्णाकाठ. रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, हे रोजचं दुखणं.

खुब्याचं ऑपरेशन ठरलं की गट आणि स्क्रीनिंगचा नमुना आधी पाठवा, रक्त लागो वा न लागो. नुसता नमुना पाठवला म्हणून कोणी पिशवी गळ्यात बांधत नाही. निगेटिव्ह गट असेल तर आम्हाला दोन दिवस मिळाले तरी दुसऱ्या पेढीतून मागवता येतं. लाल पेशींची पिशवी ४२ दिवस टिकते. रात्री नऊला चिठ्ठी आली की आम्ही फक्त फ्रीज उघडून मान हलवू शकतो.

आणि मे महिना! कॉलेजं बंद, माणसं गावी, शिबिरं नाहीत. मे आणि दिवाळी हे आमचे दोन दुष्काळ.

जाता जाता एक: पिशवी रिक्षातून उघडी, मांडीवर घेऊन नेऊ नका. थंड डब्यातच न्या. वॉर्डात गेल्यावर 'जरा कोमट होऊ दे' म्हणून गरम पाण्यात तर मुळीच बुडवू नका, पेशी फुटतात. बाहेर अर्धा तास राहिलेली पिशवी आम्ही परत घेत नाही. आणि रक्ताची किंमत नसते, प्रक्रियाशुल्क असतं. पावती मागा.

---

शेवंती

जुना_प्लास्टर, तुमचा हिशेब वहीत उतरवून दादाला पाठवला. तो म्हणाला, "म्हणजे रक्त आईच्या अंगातच आहे की!" आईची डावी मांडी मागच्या बाजूने पार गुडघ्यापर्यंत काळीनिळी झालीय, जांभळं सांडल्यासारखी. आम्हाला वाटलं पडल्याचा मार आहे.

आता दुसरा प्रश्न. कमी करता आलं असतं का?

---

गुंगीवाला

भूलतज्ज्ञ, विदर्भ. जुना_प्लास्टर सरांनी हाडाची बाजू मांडली, मी रक्ताची मांडतो.

जखम झाली की रक्त गोठतं, फायब्रिनचं जाळं तयार होतं. पण शरीर त्याच वेळी ते जाळं कापायची कात्रीही चालू करतं, तिचं नाव प्लाझ्मिन. एरवी हे बरंच आहे, नाहीतर सगळ्या नसा तुंबल्या असत्या. मोठा मार आणि त्यावर ऑपरेशन, अशा वेळी मात्र कात्री जरा जास्तच जोरात चालते, मुख्यतः पहिल्या दिवसभरात. मांडीत गुठळी बनते, विरघळते, पुन्हा पाझर.

ट्रॅनेक्सॅमिक आम्ल नावाचं इंजेक्शन त्या कात्रीला म्यान घालतं. नवी गुठळी बनवत नाही, बनलेली टिकवतं. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये साधारण १ ग्रॅम, चीर देण्याआधी, शिरेतून सावकाश. काही ठिकाणी नंतर दुसरा डोस, काही ठिकाणी जखमेतही सोडतात. रक्तस्राव घटतो आणि पिशवी लागण्याची शक्यताही. अमेरिकेच्या अस्थिशल्य अकादमीने २०२१च्या खुब्याच्या मार्गदर्शक सूचनांत हे औषध द्यावं अशी ठाम शिफारस केलीय. किंमत म्हणाल तर एका पिशवीच्या खर्चापुढे चिल्लर.

त्यामुळे शेवंतीताई, विचारायचा पहिला प्रश्न हा: "ट्रॅनेक्सॅमिक देणार आहात का, आणि नसाल तर आमच्या पेशंटमध्ये का नाही?" यावर चांगला डॉक्टर चिडत नाही.

---

उकडीचा

थांबा, थांबा. हीच ना ती पाळीच्या जास्त रक्तस्रावावर देतात ती गोळी? मी दोन वर्षं खाल्लीय. ती म्हाताऱ्या माणसांच्या हाडाला?

---

गुंगीवाला

तीच हो. बाळंतपणातल्या रक्तस्रावातही तीच, अपघातातही तीच. २०१० साली आलेल्या क्रॅश-२ चाचणीत ४० देशांतले २०,२११ अपघातग्रस्त होते. त्यात दिसलं की औषध लवकर दिलं तर मृत्यू कमी होतात, आणि ३ तास उलटून गेल्यावर दिलं तर फायदा राहत नाही.

अवांतर: शोध जपानचा. उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके, दोघांनी १९६२ साली हे औषध जगासमोर आणलं. युद्धानंतरचा काळ, पैसे नाहीत. रक्तावर संशोधन का निवडलं, तर कमी पडलं तर स्वतःचं काढता येईल म्हणून! पाळणाघर नव्हतं तेव्हा बाई मुलीला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत उभ्या राहायच्या. २०१६ साली गेल्या, ९८व्या वर्षी.

---

कृष्णाकाठ

गोष्ट छान. पण मला सरळ विचारायचंय. शेवंतीताईंच्या आईला स्टेंट आहे. कात्री बंद केली आणि गुठळी स्टेंटमध्ये अडकली तर? माझ्या वडिलांना खुब्यानंतर बाराव्या दिवशी पायाच्या शिरेत गुठळी झाली होती. औषध दिलेलं नव्हतं, तरी झाली. दिलं असतं तर काय झालं असतं?

---

गुंगीवाला

प्रश्न अगदी रास्त आहे.

आधी वडिलांचं. खुबा मोडणं आणि पडून राहणं, यानेच गुठळीचा धोका वाढतो. म्हणून तर ऑपरेशननंतर पोटावर ते छोटं हेपॅरिनचं इंजेक्शन देतात आणि दुसऱ्याच दिवशी उठवून बसवतात. ट्रॅनेक्सॅमिकचा परिणाम काही तासांचा, हेपॅरिनचं काम पुढच्या काही आठवड्यांचं. दोन्ही एकाच रुग्णाला, आपापल्या वेळी देता येतात.

आता स्टेंट. खुब्यावरच्या अभ्यासांत या औषधाने गुठळ्या वाढल्याचं दिसलेलं नाही. पण २०२२ची पॉइझ-३ चाचणी प्रामाणिकपणे वाचावी लागते. हृदय सोडून इतर शस्त्रक्रिया झालेले ९,५३५ रुग्ण, त्यांतले पुष्कळ हृदयाच्या धोक्याचे. मोठा रक्तस्राव औषधाच्या गटात ९.१ टक्के, नुसत्या सलाइनच्या गटात ११.७ टक्के. फायदा स्पष्ट. हृदय-मेंदूच्या गुंतागुंती १४.२ विरुद्ध १३.९ टक्के. फरक किरकोळ, पण 'धोका अजिबात वाढत नाही' असं ठामपणे सिद्ध करण्याची जी अट त्यांनी आधी घालून घेतली होती, ती थोडक्यात हुकली.

मी काय करतो? गेल्या काही महिन्यांतला स्टेंट, ताजा झटका, ताजा पक्षाघात, पायात किंवा फुप्फुसात चालू गुठळी, फिट्सचा इतिहास, यात हात आखडतो. किडनी अधू असेल तर डोस कमी करतो. सात वर्षांपूर्वीचा, शांत असलेला स्टेंट असेल तर देतो, पण हृदयतज्ज्ञाशी दोन वाक्यं बोलून. सव्वा लिटर रक्त जाणं हेही त्या हृदयाला परवडणारं नसतं, हे पारड्याच्या दुसऱ्या बाजूला असतं.

धोका आणखी एक आहे आणि तो आमच्या बाजूचा. या औषधाची कुपी आणि पाठीतल्या भुलेची कुपी काही कंपन्यांच्या दिसायला सारख्या असतात. चुकून हे पाठीत गेलं तर रुग्ण दगावू शकतो. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर इशारा दिला. तेव्हापासून मी ती कुपी भुलेच्या ट्रॉलीवर ठेवूच देत नाही, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायला लावतो. नवीन सिस्टर वैतागतात. वैतागू देत.

---

थेम्सकाठची

इंग्लंडमध्ये ऑर्थो वॉर्डात नर्स आहे, माहेर वाई. सातारा वाचून थांबले.

मला खटकलं ते पाच दिवस. इथे नाइसची (उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणारी इथली सरकारी संस्था) सूचना आहे की ऑपरेशन भरतीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावं, आणि २००७ पासून खुब्याच्या फ्रॅक्चरची राष्ट्रीय नोंदवही आहे. कोणतं रुग्णालय किती उशीर करतं ते त्यात दिसतं, त्यामुळे मॅनेजरपासून सगळे घड्याळाकडे बघतात. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू आहे एवढ्यावरून आम्ही ऑपरेशन पुढे ढकलत नाही. मोडकं हाड स्थिर होत नाही तोवर प्रत्येक हालचालीला टोकं घासतात. बेडपॅन, चादर बदलणं, एक्स-रे. दर वेळी थोडं रक्त.

आणि थंडी! आपल्याकडच्या ऑपरेशन थिएटरमध्ये एसी बर्फासारखा लावतात. सुरकुतलेली, पातळ कातडीची बाई एका झग्यात, ओल्या स्पिरिटने पुसलेली. अंगाचं तापमान एका अंशाहूनही कमी उतरलं तरी रक्तस्राव साधारण १६ टक्क्यांनी वाढतो, कारण गोठण्याची यंत्रणा गारठते. आम्ही वॉर्डातूनच गरम हवेचं पांघरूण घालून नेतो, सलाइनही कोमट. सगळ्यांत स्वस्त उपाय हाच आणि सगळ्यांत आधी विसरतात तोही हाच.

---

जुना_प्लास्टर

थेम्सकाठची यांचं पटलं, आणि थोडं टोचलंही. आमच्या पिढीला शिकवलं होतं की क्लोपिडोग्रेल म्हणजे पाच ते सात दिवस थांबा. तेच आम्ही पुढच्यांना शिकवलं. पोरांनी ऐकलं, ही त्यांची चूक नाही.

पण शेवंतीताई, पाच दिवस केवळ गोळीमुळेच गेले असं समजू नका. आपल्याकडे फिजिशियनचा फिटनेस, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), तो करणारा आठवड्यातून दोनदा येणार, मग रविवार, मग इम्प्लांटवाला पुण्याहून येणार. विम्याची मंजुरी वेगळीच. गोळीचं कारण सगळ्यांना सोयीचं असतं.

@गुंगीवाला, क्लोपिडोग्रेलवर पाठीत सुई घालायला तुम्ही तयार असता का? खरं सांगा.

---

गुंगीवाला

नाही सर. इथेच घोडं अडतं. क्लोपिडोग्रेल चालू असताना पाठीत सुई घातली आणि मणक्यात रक्त साठलं तर पाय कायमचे जाऊ शकतात. म्हणून पाठीतल्या भुलेसाठी पाच ते सात दिवसांचं अंतर. नुसत्या अ‍ॅस्पिरिनला ती अट नाही.

पण पूर्ण भूल देता येते. 'म्हाताऱ्या माणसाला पूर्ण भूल म्हणजे संपलं' हा समज घरोघरी आहे, आमच्यातही आहे. २०२१ साली अमेरिका-कॅनडातल्या १,६०० खुब्याच्या रुग्णांवर तुलना झाली. पाठीतली भूल विरुद्ध पूर्ण भूल, ६० दिवसांनी मृत्यू आणि चालता न येणं यांत फरक निघाला नाही. तेव्हा क्लोपिडोग्रेल असेल तर पूर्ण भूल आणि मांडीच्या नसेला ब्लॉक (तेवढाच भाग बधिर करणारं इंजेक्शन) देऊन दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, हा मार्ग आहे. त्यात रक्त थोडं जास्त जाऊ शकतं हे कबूल. पण पाच दिवस वजन लावून पडून राहण्यात काय जातं ते आपण वरच्या हिशेबात पाहिलंच.

वॉरफरिन असेल तर गोष्ट वेगळी, त्याला व्हिटॅमिन के देऊन उतरवता येतं. अ‍ॅपिक्साबान, रिव्हरॉक्साबान या गोळ्यांना किडनी पाहून एक-दोन दिवस थांबावं लागतं. तेव्हा "रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे" एवढं सांगून भागत नाही. कोणती, किती, शेवटची कधी घेतली, हे हवं. रिकामी पाकिटं पिशवीत घालून आणा, आम्हाला तीच सगळ्यांत भरवशाची वाटतात.

---

बारा_गावचं_पाणी

आमच्या आत्याबाईंचं हिमोग्लोबिन ९ होतं तरी आम्ही भांडून दोन पिशव्या चढवून घेतल्या. तरतरी आली होती. आणि बीट, डाळिंब, खजूर भरपूर द्या ताई, आठ दिवसांत रक्त भरतं.

---

लाल_पिशवी

भांडून रक्त चढवून घेऊ नका हो! आमच्याकडे भांडून नेलेली प्रत्येक पिशवी कोणाच्या तरी बाळंतिणीला कमी पडते.

---

जुना_प्लास्टर

आणि म्हाताऱ्या हृदयावर दोन पिशव्यांचं ओझंही पडतं. रात्रीतून दम लागलेल्या आज्या मी पाहिल्यात.

यावर २०११ची फोकस चाचणी आहे. खुब्याची शस्त्रक्रिया झालेले २,०१६ रुग्ण, सगळ्यांना हृदयविकार किंवा त्याचा धोका. एका गटाला हिमोग्लोबिन १० खाली गेलं की रक्त, दुसऱ्याला ८ खाली गेलं तर किंवा लक्षणं दिसली तर. ६० दिवसांनी चालणं आणि जगणं, दोन्ही गटांत सारखंच. ८ वाल्या गटातल्या ५९ टक्के लोकांना एकही पिशवी लागली नाही.

शेवंतीताईंच्या आईंचं ७.६, शिवाय स्टेंट. पिशवी द्यायलाच हवी होती. फक्त मी एक दिली असती, सकाळी पुन्हा तपासलं असतं आणि मग दुसरीचं ठरवलं असतं. पहाटे चारची ती वणवण कदाचित वाचली असती.

बीट-डाळिंब जरूर द्या, आईंना आवडत असेल तर. पण मार आणि सूज असते तेव्हा आतडं लोह नीट घेतच नाही. शिरेतून लोह दिलं तरी त्यातून रक्त बनायला आठवडे लागतात, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी देऊन त्या आठवड्यातली पिशवी वाचत नाही. आत्ता गरज प्रथिनांची आहे. अंडं चालत असेल तर अंडं, नाहीतर दाट वरण, दही, पनीर. नुसत्या मऊ भातावर ठेवू नका.

---

कृष्णाकाठ

डॉक्टर, सर्जनच्या हातात काय असतं तेही सांगा की. सगळं इंजेक्शनवाल्यांनी केलं असं वाटायला लागलंय. (हलकेच घ्या.)

---

जुना_प्लास्टर

हा हा. असतं, पण त्याची गोष्ट होत नाही, कारण ते कंटाळवाणं आहे.

चीर देण्याआधी, सी-आर्मखाली (ऑपरेशन चालू असताना हाड दाखवणारं एक्स-रे यंत्र) पाय ओढून हाड जागेवर बसवायला वीस मिनिटं घालवली तर आतली झटापट वाचते. घाईने सुरुवात करून मग आत हाड उचकत बसणारा सर्जन तासभर जास्त घेतो आणि तो तास मांडीत मुरतो. रॉडची वाट पहिल्याच फटक्यात योग्य जागी लागली पाहिजे. दुसरं भोक पाडलं की दुसरा झरा. गोळा बदलताना मागच्या बाजूच्या बारीक रक्तवाहिन्या कापण्याआधी जाळून घ्यायच्या, तुटल्यावर शोधत बसायचं नाही. बाहेर नातेवाईक घड्याळ बघत असतात, "दुसऱ्या डॉक्टरांनी पाऊण तासात उरकलं." त्या पाऊण तासात पाय किती वेळ ओढून बसवला होता हे कोणी विचारत नाही.

आणि शेवटचं: ऑपरेशननंतरचं हिमोग्लोबिन एकदाच पाहून गाफील राहायचं नाही. त्याच संध्याकाळी ते चांगलं दिसतं, खरी घट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी समोर येते. तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी तपासलं, हे त्या रुग्णालयाने बरोबर केलं.

---

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा दादाला आणि वहिनीला वाचून दाखवला.

मावशीच्या फ्रीजवर चिठ्ठी लावून आले. तिचा रक्तगट (ओ पॉझिटिव्ह, हुश्श), गोळ्यांची नावं, कोणती सकाळी आणि कोणती रात्री, किडनीचा शेवटचा रिपोर्ट. खाली गुंगीवाल्यांचा प्रश्न जसाच्या तसा लिहिलाय. मावशी म्हणाली, "मी पडायच्या आधीच माझं ऑपरेशन करून टाकलंस की गं!" मग तिच्याही बाथरूमसमोरचं पायपुसणं उचलून गच्चीवर टाकलं.

आईला आज बाराव्या दिवशी वॉकरवर गॅलरीपर्यंत चालवलं. हिमोग्लोबिन ९.३. तिला मी सांगितलं की तुझं रक्त कुठे बाहेर गेलंच नव्हतं, मांडीतच बसलं होतं. तिने तिथेच उभ्या उभ्या गाऊन वर करून पाहिलं. जांभळं ओसरून कडेने पिवळं धरलंय, हळद लावल्यासारखं. "मग आता आलं का परत वर?" म्हणाली.

जुना_प्लास्टर, काय सांगू तिला?

---

जुना_प्लास्टर

सांगा, रक्त म्हणून नाही, पण त्यातलं लोह येतंय हळूहळू. पिवळं दिसतंय ती त्याचीच वाट आहे.